बोटाची सावली

आमच्या ओट्यावरच्या ताटाळ्यात ताटं नाहीत, फोन आहेत. अकरा फोन, एकामागे एक उभे, प्रत्येकाच्या बुडाशी एक केबल. मुक्ता आठ महिन्यांची आहे. हाताला लागेल ते तिच्या तोंडात जातं. म्हणून कंपनीनं तपासणीसाठी दिलेले फोन वर, आणि ताटं खाली तिच्या राज्यात.

माझं काम सांगायला सोपं आहे. लोक मोबाइलवर जी पानं उघडतात, ती खऱ्या फोनवर नीट चालतात का ते बघायचं. संगणकावर पान देखणं दिसतं. तेच एखाद्या जुन्या फोनवर उघडलं की बटण कीबोर्डाखाली दडतं, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. फोन संगणकाला जोडला की त्याच्यावरचं पान माझ्या पडद्यावर आतल्या ओळींसकट उघडं पडतं. मी इथे एक ओळ बदलली की तिथे फोनवर रंग बदलतो. आता तर केबलही लागत नाही. फोनच्या मालकानं सहा आकडे सांगितले, की फोन कुठल्याही गावात असो, माझ्यासमोर येतो.

"खरा फोन खोटं बोलत नाही," असं आमचा टीम लीड निनाद म्हणतो. तो बरंच काही म्हणतो, पण हे खरं आहे.

त्या मंगळवारी दुपारी एक तक्रार आली होती. माणदेशातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षातून. 'मिल्क बँकेचा संमतीचा फॉर्म पुढे जात नाही. कृपया मातेचा फोन जोडून पाहावा.' खाली मातेचं नाव, वैजयंता गोरड, आणि नंबर.

मुक्ताचा डोळा नुकताच लागला होता. मी संगणकातल्या नकली फोनवर पान उघडलं. नकली फोन स्वतःच सगळे रकाने भरतो; आईचं नाव अमुक, बाळाचं नाव तमुक. बटण दाबलं, पान पुढे गेलं. मग मी वैजयंता गोरडची नोंद काढली. तिथे लिहिलं होतं: 'मातेची संमती नाही.'

म्हणजे बिघाड नव्हताच. बाईला दुसऱ्या बाईचं दूध नको होतं, आणि सिस्टर आमच्या पानावर खापर फोडत होत्या. अजूनही लोक असे आहेत, असं माझ्या मनात आलं. शहाणपणानं आलं. तेवढ्यात मुक्ता उठली. 'खऱ्या फोनवर तपासलं का?' या चौकटीत मी घाईनं खूण केली, 'चूक आढळली नाही' लिहिलं आणि तिला उचलायला धावले.

तो नकार ओळखणारा नियम माझा होता.

दोन वर्षांपूर्वी नव्या काचेचे फोन आले. फोनच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांची जाळी असते, तिच्यावर विजेचं मंद क्षेत्र पसरलेलं असतं. माणसाचं बोट म्हणजे शेवटी मीठ आणि पाणी. ते टेकलं की तेवढ्यापुरतं क्षेत्र त्याच्याकडे वाकतं आणि फोनला कळतं, इथे स्पर्श झाला. नव्या काचेची जाळी इतकी हळवी होती, की बोट टेकायच्या आधी, दोन बोटं उंचीवर असतानाच तिला चाहूल लागायची. कणकेचे हात असले तरी पान उलटता यावं म्हणून हे केलं, असं जाहिरातीत होतं. वर्षभरात स्वस्तातल्या फोनांनाही तीच काच आली.

आम्हा तपासणाऱ्यांच्या हाती त्यातून भलतंच काही लागलं. फोन जोडला की त्याच्या काचेवर तरंगणारं बोट माझ्या पडद्यावर करड्या डागासारखं दिसायला लागलं. आम्ही त्याला सावली म्हणायचो. तोवर मला माणसानं काय दाबलं एवढंच कळायचं. आता दाबता दाबता काय राहिलं तेही कळू लागलं.

मुक्ताच्या बाळंतपणात मी एका संमतीच्या कागदावर सही केली होती. उशाशी डॉक्टर, पायाशी सिस्टर, दारात सासरची माणसं. पेन कागदाच्या वर जरा थांबलं होतं. मला काहीतरी विचारायचं होतं. कुणाला दिसलं नाही, आणि मी सही केली.

म्हणून मिल्क बँकेचं काम आलं तेव्हा मी सुचवलं, की आईच्या बोटाला विचारूया. संमतीच्या पानावर बोट तीनदा येऊन घुटमळलं आणि बटण न दाबता परत गेलं, तर तो नकार धरायचा. मग रुग्णालयानं तीन दिवस तिला पुन्हा विचारायचं नाही. चार माणसांसमोर जिला तोंडानं नाही म्हणता येत नाही, तिला निदान बोटानं म्हणता यावं. मीटिंगमध्ये निनाद म्हणाला, "हे आईलाच सुचू शकतं, आसावरी." मला ते फार आवडलं होतं.

बुधवारी दीड वाजता फोन वाजला. मुक्ता मांडीवर होती, तोंडात माझ्या ओढणीचं टोक.

"फॉर्मवाल्या मॅडम का?"

"हो, आसावरी बोलतेय."

"मी ललिता सिस्टर. काल तक्रार टाकली होती. चूक आढळली नाही म्हणून परत पाठवलीत. इथे येऊन शोधा, म्हणजे आढळेल."

"सिस्टर, पान चालतंय हो. पण तिथे मातेचा नकार आहे. आपण तिच्या मनाचा..."

"मनाचं मला सांगू नका. त्या नकारावरून मी तिला भरवॉर्डात झापलीय. म्हटलं, दुसरीचं दूध बाटतं का गं तुझ्या लेकराला? रडतेय आणि म्हणतेय, मी कुठं न्हाई म्हणाले. सव्वा किलोचं पोर आहे मॅडम. सोमवारपासून पावडरीवर. आज सकाळी पोट टणक झालं. डॉक्टरांनी पावडर बंद केलीय. आता एक तर आईचं दूध, नाहीतर बँकेचं. आईला थेंबथेंब येतंय. आणि तुमचा फॉर्म म्हणतो, उद्या संध्याकाळपर्यंत विचारायचं नाही."

मुक्तानं ओढणी सोडून माझ्या गळ्यातला दोरा पकडला.

"त्यांचा फोन जोडते," मी म्हणाले. "सहा आकडे विचारा."

काल करायचं ते मी आज केलं. काम दोन मिनिटांचं होतं.

वैजयंता गोरडचं पान माझ्यासमोर उघडलं. तिच्या फोनची बॅटरी अकरा टक्के होती. तीन दिवसांचं कुलूप मी काढलं. तेवढा अधिकार मला होता.

"सिस्टर, त्यांना म्हणावं, परवा भरला तसाच भरा. कुणी काही बोलू नका."

सावली आली. लहान, काठावर थरथरणारी. आईचं नाव तिनं भरभर लिहिलं. गाव लिहिलं. मग ती तिसऱ्या रकान्यावर आली आणि थांबली.

बाळाचं नाव.

मी सेकंद मोजत होते. सात. अकरा. सावली जरा खाली आली, गडद झाली, आता टेकणार असं वाटलं आणि पुन्हा वर गेली. एकवीस. मग ती तो रकाना सोडून थेट खाली गेली, 'माझी संमती आहे' या बटणावर, आणि तिनं ते दाबलं.

काहीच झालं नाही. बटण करडं होतं. सगळे रकाने भरल्याशिवाय ते जागं होत नाही, आणि झोपलेल्या बटणावर पडलेलं बोट आमचं पान मोजत नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. पाच वेळा.

मी सोमवारची नोंद उघडली. सावल्यांची सगळी माहिती आमच्याकडे साठत असते. ती कुणी उघडून बघत नाही, आम्ही फक्त बेरीज बघतो. बेरीज म्हणत होती: तीन भेटी, घुटमळ, नकार. आत उघडून पाहिलं तर सोमवारी तिनं चौदा वेळा 'हो' दाबलं होतं.

चौदा वेळा हो. आणि मी लिहिलं होतं, नाही.

"मॅडम, आहात का?" ललिता सिस्टर.

"ताईंकडे द्या ना फोन."

थोडी खुडबुड झाली. मागे कुठलंतरी यंत्र एका लयीत वाजत होतं.

"हां, बोला ताई." आवाज अगदी लहान होता. वीस-बावीसची असेल.

"वैजयंताताई, बाळाचं नाव का लिहीत नाही?"

ती म्हणाली, "ठिवलं न्हाई अजून."

"काहीही लिहा की. नंतर बदलता येतं."

"सिस्टरनी बाळ म्हणून लिवलं, बेबी म्हणून लिवलं. घेतच न्हाई. खरं नाव लिवा म्हंतंय."

तेही मीच केलं होतं. तपासणीवाले कंटाळून 'बाळ', 'बेबी', 'अबक' असलं काहीतरी भरतात, म्हणून मी ते शब्द बंद केले होते. लहान मुलाच्या फॉर्ममधून 'बाळ' हा शब्द मी हद्दपार केला होता.

"मग मनात असेल ते लिहा एखादं."

"आवं ताई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा वर गेला, "बारशाआधी नाव कसं लिवू? सातवा दिवस हाय आज. काचेत ठेवलंया त्याला, हात लावू देत न्हाईत. पयल्या खेपेला आमी हौसेनं आधीच नाव ठेवलं. सातव्या म्हयन्यात. सोनोग्राफीच्या पाकिटावर बी लिवलं ह्यांनी. ते राहिलं न्हाई. आता ह्याचं बी लिवू व्हय? आत्यानं कानात कुर्र केल्याबिगर?"

माझ्या कपाटात वरच्या खणात एक प्लास्टिकची पट्टी आहे, मुक्ताच्या मनगटावरची, अंगठीएवढी. तिच्यावर लिहिलंय, 'आसावरीचं बाळ'. मुक्ताचं नाव मी ती पोटात असताना सहाव्या महिन्यातच ठरवलं होतं आणि बाराव्या दिवसापर्यंत ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. दवाखान्यात कुणी विचारलं की हसून म्हणायचे, नाही हो अजून. मी, संगणक शिकलेली बाई. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आणि तोच रकाना मी सक्तीचा केला होता.

पानाच्या आतल्या ओळींत मी 'सक्तीचा' हा शब्द शोधला. एकच शब्द. खोडला.

"हिरवं झालं!" पलीकडून ललिता सिस्टर ओरडल्या. "मॅडम, बटण हिरवं झालं!"

नव्वद किलोमीटरवर सावली खाली आली, क्षणभरही थांबली नाही, आणि दाबून गेली. विसाव्यांदा. या वेळी आम्ही मोजलं.

"बँकेतून दूध निघालं की कळवते," सिस्टर म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, "तिला उगीच बोलले हो मी."

मी 'हो' म्हणाले. नकार मी लिहिला होता, हे मात्र म्हणाले नाही.

दूध संध्याकाळी पाचला पोचलं. पण तोवर डॉक्टरांनी ठरवलं होतं, पोट उतरेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, नुसतं सलाइन. गुरुवारी सिस्टरचा निरोप आला, 'तसंच आहे.' मी मुक्ताला पाजायला घेतलं. ती पिता पिता हसते, मग दूध गालावरून ओघळतं. मी रोज पुसते. त्या दिवशी पुसताना माझा हात थांबला. आमच्याच पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एकेक थेंब मोलाचा.'

दुपारी ती झोपल्यावर मी जिल्ह्यातले सगळे नकार उघडले. माझ्या नियमानं आजवर एकतीस आयांना नाही म्हणायला लावलं होतं. एकेकीची सावली मी पुन्हा चालवून पाहिली. पाच जणी खरंच संमतीच्या बटणावर घुटमळल्या होत्या. सव्वीस जणी नावाच्या रकान्यावर. एक तर इतका वेळ थांबली होती, की फोनचा पडदा आपोआप विझला.

त्या सव्वीस बाळांचं पुढे काय झालं ते नोंदीत नव्हतं. आमच्या पानाचं काम तिथे संपत होतं.

मी निनादला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अरेरे," तो म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. "पण आता दुरुस्त झालंय ना? अहवालात लिही, नावाचा रकाना ऐच्छिक केला. किरकोळ दुरुस्ती."

"किरकोळ?"

"अगं, आणखी दोन जिल्हे हा नियम घेतायत. तुझंच नाव पुढे केलंय मी त्यांच्याकडे. आता नियमच चुकीचा म्हटलं तर..."

"निनाद, तिनं चौदा वेळा हो म्हटलं होतं."

"म्हणूनच म्हणतोय, दुरुस्त झालं. नियम चांगलाच आहे. पाच जणी खऱ्या होत्या ना?"

"त्या पाच तरी कशावरून खऱ्या? मी विचारलंय कुठे त्यांना?"

तो म्हणाला, "तू खऱ्या फोनवर तपासलं होतंस ना? खूण आहे तुझी."

"खूण आहे," मी म्हणाले. "तपासलं नव्हतं."

हे बोलताना माझे कान तापले. शाळेत बाकावर उभं केल्यासारखे.

अहवाल मी चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्हींत 'असे आढळून आले', 'अनवधानाने', 'काही प्रकरणांत' असले शब्द होते. चौथ्यात लिहिलं: 'मंगळवारी मातेचा फोन न जोडता मी जोडल्याची खूण केली. बोटाच्या थांबण्यावरून मनातलं ओळखता येतं हा माझा समज चुकीचा होता. बोट कुठे थांबलं ते काच सांगते, का थांबलं ते सांगत नाही. नियम काढून टाकावा. सव्वीस मातांच्या रुग्णालयांना कळवावं, की नकार त्यांचा नव्हता.' पाठवलं, आणि संगणक मिटून ताटं घासत बसले. घासलेलीच होती.

नियम निघाला. जिल्ह्याच्या कामावरून मीही निघाले. निनादनं ते इतक्या हळुवारपणे सांगितलं, की मलाच त्याला धीर द्यावा लागला. "तू थोडे दिवस दुकानांची पानं बघ," तो म्हणाला. "मुक्ता मोठी होईपर्यंत." फक्त वैजयंताच्या फोनची शेवटची तपासणी माझ्याकडे ठेव, असं मी मागून घेतलं.

शनिवारी सिस्टरचा निरोप आला: 'पोट उतरलं. एक मिली दिलं. पचलं.' त्यानंतर दोन मिली. मग पाच. मी ते आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागले. घरचे विचारायचे, हे काय? मी म्हणायचे, कामाचं आहे.

आता नवं पान तपासायला घेतलं, की ताटाळ्यातल्या अकराही फोनांवर मी पहिला फॉर्म असा भरते: आईचं नाव आसावरी, बाळाचं नाव रिकामं. ती प्लास्टिकची पट्टी पहिल्या फोनच्या केबलला बांधलीय. मुक्ताला ती फार आवडते. उचललं की हात तिकडेच जातो.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, वैजयंताचा फोन आला. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाचं पान भरायचं होतं, आणि ते तपासायला मीच तिला निरोप धाडला होता.

"ताई, घरी आलं लेकरू. अडीच किलो भरलंय. बारसं झालं काल. सिस्टर बी आलत्या जेवायला." ती हसत होती. "सिस्टर म्हणाल्या, तुमच्यामुळं दूध मिळालं. तुमी त्या दिवशी बटण हिरवं केलं म्हणून."

हेच मला नको होतं. दोन महिने मी हे वाक्य कधीतरी येणार म्हणून घाबरत होते.

"वैजयंताताई, ऐका. ते बटण माझ्यामुळंच हिरवं होत नव्हतं. नावाचा रकाना मीच सक्तीचा केला होता. बाळ लिहिलं की घेत नव्हतं, तेही मीच. आणि तुम्ही नाही म्हणालात असं जे आलं, ज्यावरून सिस्टर तुम्हाला बोलल्या, ते माझ्या नियमानं लिहिलं. मंगळवारी तुमचा फोन जोडला असता तर एक दिवस आधी दूध आलं असतं. मी जोडला नाही."

पलीकडे बाळ कुरकुरलं. तिनं त्याला थोपटलं असावं; थापेचा आवाज येत होता, सावकाश.

"तुमाला लेकरू हाय?" तिनं विचारलं.

"आहे. मुलगी. दहा महिन्यांची."

"बारसं केलंतं न्हवं तिचं?"

"केलं."

"बाराव्या दिशी?"

"हो."

"मग?"

मुक्ता पायाशी ताट आपटत होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

ती ठीक आहे म्हणाली नाही, जाऊ द्या म्हणाली नाही. तिनं विचारलं, "लिवू का आता? का बंद पडंल परत?"

"लिहा. आकडे सांगा आधी."

तिनं सहा आकडे सांगितले. पान उघडलं. आईचं नाव भरलं, गाव भरलं. सावली तिसऱ्या रकान्याकडे आली. या वेळी ती लहान नव्हती की थरथरत नव्हती. सरळ खाली येत होती. तो रकाना आता ऐच्छिक होता. ती तरी तिथेच आली.

बोट टेकायच्या आत मी जोडणी तोडली. माझा पडदा पांढरा झाला.

"ताई, दिसतंया का तिकडं?"

"मी बघत नाहीये. तुम्ही लिहा."

मी कानाला फोन धरून पांढऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. पलीकडे ती एकेक अक्षर ओठांत पुटपुटत होती, मला कळू नये इतकं हळू. खाली मुक्तानं ताट सोडलं आणि उचल म्हणून दोन्ही हात वर केले.

"झालं लिवून," वैजयंता म्हणाली.

"पुढं गेलं का पान?"

"गेलं."